बालवाङ्मयाचे हस्तलिखित आणि तज्ज्ञांचा अभिप्राय

प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीचे हस्तलिखित जो तपासतो, तो स्वतः त्या कादंबरीचा एक वाचक असतो. मुलांच्या पुस्तकाची गोष्ट निराळी. लिहिणारा प्रौढ, तपासणारा प्रौढ, विकत घेणाराही बहुधा प्रौढच. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो वाचक सर्वांच्या शेवटी येतो. त्यामुळे अशा हस्तलिखितावरील अभिप्राय हा नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने दिलेला असतो. तो कोणत्या अधिकाराने दिला जातो आणि लेखकाने तो कितपत मानावा, हा प्रश्न केवळ प्रकाशनव्यवहाराचा समजून बाजूला ठेवण्यात येतो. वस्तुतः तो टीकाशास्त्राचा प्रश्न आहे. इंग्रजी बालवाङ्मयातील काही प्रसंगांच्या आधारे त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

लुइस कॅरल यांचे ॲलिसविषयक दुसरे पुस्तक, ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’, 1871 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्याचे चित्रकार जॉन टेनिअल यांनी 1 जून 1870 रोजी कॅरलना एक पत्र लिहिले. त्यात दोन सूचना होत्या. आगगाडी एकाएकी उडी घेते त्या प्रसंगी ॲलिसच्या हाती एका वृद्ध स्त्रीचे केस यावेत, असे मूळ लेखन होते. त्याऐवजी तिने शेजारच्या बोकडाची दाढी धरावी, कारण हिसका बसताच तीच तिच्या हाताला सर्वांत जवळ असणार, ही पहिली सूचना. टोप घातलेल्या गांधीलमाशीचा भाग आपणास मुळीच रुचत नाही, त्याचे चित्रही सुचत नाही, पुस्तक आटोपशीर करावयाचे असल्यास हाच भाग गाळावा, ही दुसरी. कॅरलनी दोन्ही मानल्या. वृद्ध स्त्री पुस्तकातून नाहीशी झाली आणि गांधीलमाशीही गेली. गाळलेल्या मजकुराची मुद्रिते पुढे 1974 मध्ये लंडनच्या लिलावात प्रकट झाली व 1977 मध्ये तो भाग छापला गेला.

या दोन सूचनांचे मोल सारखे नाही. पहिलीचे कारण प्रसंगाच्या आतच आहे: कोण कोठे बसले आहे, हिसका कोणत्या दिशेने बसेल, हात कोठे जाईल. चित्रकाराच्या नजरेला जे दिसले ते लेखकाला दिसले नव्हते. दुसरीत मात्र असे कारण दिलेले नाही. स्वतःची अरुची आणि स्वतःच्या कुंचल्याची अडचण एवढेच तीत आहे. गाळलेला भाग आज वाचताना तो काहीसा रेंगाळलेला वाटतो हे खरे. परंतु राणी होण्यास अवघा एक ओढा ओलांडावयाचा राहिला असता ॲलिस एका चिडखोर, जराजर्जर जीवाची विचारपूस करण्यासाठी मागे वळते, ही गोष्ट तिच्या स्वभावचित्रणात नगण्य नव्हे. टेनिअलच्या अभिप्रायात या हानीचा विचारच नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरल मूर यांचा शब्द अमेरिकेतील बालग्रंथांच्या क्षेत्रात जवळजवळ अखेरचा मानला जाई. ई. बी. व्हाइट यांनी मुलांसाठी लिहावे म्हणून त्यांनीच उत्तेजन दिले होते. परंतु ‘स्टुअर्ट लिटल’ची मुद्रिते वाचल्यावर, पुस्तक प्रसिद्ध करू नये, अशी विनवणी करणारे दीर्घ पत्र त्यांनी व्हाइट यांच्या पत्नीस लिहिले. पुस्तकाला निश्चित शेवट नाही आणि ते मुलांना योग्य नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. 1945 मध्ये पुस्तक निघाले आणि मुलांनी ते आपलेसे केले. उंदरासारखा दिसणारा स्टुअर्ट आपल्या पक्षिणी मैत्रिणीच्या शोधात उत्तरेकडे निघतो व तेथेच कथा थांबते. मूरबाईंना हा दोष वाटला. कथेच्या स्वरूपाकडे पाहता शोध हाच तिचा शेवट आहे. बाईंचा अनुभव अपुरा नव्हता. उलट तो इतका मोठा होता की समोरच्या हस्तलिखिताऐवजी त्यांनी ‘मूल’ नावाच्या एका सर्वसामान्य कल्पनेलाच प्रमाण मानले.

त्याच लेखकाच्या ‘शार्लट्स वेब’ (1952) या पुस्तकाविषयी संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी केलेली एक सूचना याच्याशेजारी ठेवून पाहावी. कोळीण मरते त्या प्रकरणाच्या शीर्षकातच तिच्या मृत्यूचा उल्लेख होता. तो काढून ‘शेवटचा दिवस’ एवढेच नाव ठेवावे, असे त्यांनी सुचविले व व्हाइटनी ते मान्य केले. मृत्यू मुलांना सोसवेल काय, अशी शंका घेऊन तो प्रसंग गाळावयास त्यांनी सांगितले नाही. दुःख तसेच ठेवून त्याची वर्दी तेवढी त्यांनी आधी दिली जाऊ दिली नाही. मूरबाईंनी मुलाच्या वतीने कृतीला नकार दिला. नॉर्डस्ट्रॉम यांनी कृतीच्या वतीने मुलाचा विचार केला.

यावर असे म्हणण्यात येईल की, मग मुलालाच का विचारू नये? ‘द हॉबिट’चे टंकलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी 1936 मध्ये आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडे, रेनरकडे, दिले. त्याने एका शिलिंगाच्या मोबदल्यात लेखी अभिप्राय दिला, तो अनुकूल होता, आणि 1937 च्या सप्टेंबरात पुस्तक बाहेर पडले. ही कथा बहुधा येथेच संपवितात. परंतु त्या अभिप्रायात आणखी दोन विधाने होती: नकाशे असल्यामुळे पुस्तकाला चित्रांची गरज नाही, आणि ते पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. पुस्तक टोल्किन यांच्या चित्रांसह निघाले. आणि त्याचा वाचकवर्ग नऊ वर्षांपाशी थांबला नाही, हे सर्वज्ञात आहे. वाचक म्हणून बोलताना रेनर अचूक होता. तज्ज्ञांप्रमाणे वयोगट ठरवू लागताच तोही चुकला. मुलाला कथा आवडली की नाही हे त्याच्याकडूनच कळेल. ती कोठे व का अडखळते याचे निदान त्याच्याकडून अपेक्षिणे न्याय्य नाही.

आपल्याकडे हस्तलिखित घेऊन जाणाऱ्या लेखकास बहुधा तीन प्रश्न विचारले जातात: वयोगट कोणता, बोध कोणता, जोडाक्षरे किती? तिसरा प्रश्न खास देवनागरीतून उद्भवलेला व नवशिक्या वाचकापुरता रास्त आहे. मात्र ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘माझ्या’ या शब्दांवाचून मराठी कथन फार दूर जाऊ शकत नाही, आणि ‘स्वप्न’ या शब्दाला तितकाच सोपा पर्याय नाही. आजीने मोठ्याने वाचून दाखवावयाच्या गोष्टीला हाच नियम लावला की भाषेचा श्वास कोंडतो. कारण कानाला जोडाक्षराची अडचण नसते. मूल स्वतः वाचणार की ऐकणार, हे विचारल्यावाचून जोडाक्षरे मोजणे व्यर्थ होय. बोधाच्या प्रश्नाची तऱ्हा मूरबाईंच्या आक्षेपासारखीच आहे: तो समोरच्या कथेला उद्देशून विचारलेला नसतो.

तेव्हा अभिप्रायाचे मोल तो देणाऱ्याच्या अधिकारावरून ठरवू नये. त्यातील कारण हस्तलिखितातील विशिष्ट जागेकडे बोट दाखविते काय, हे लेखकाने पाहावे. दाखवीत असल्यास ते कटू असले तरी मानावे. टेनिअलच्या पत्राची अशी चिकित्सा करता येते, कारण ते पत्र व मुद्रिते दोन्ही जपली गेली. मराठी बालसाहित्याच्या अभ्यासकांनी छापील पुस्तकाबरोबर त्याचे आधीचे खर्डे, संपादकांची पत्रे आणि समासातील खुणा मिळवून त्या ताडून पाहण्याचे काम हाती घ्यावे. पदव्युत्तर प्रबंधास हा विषय खचित लहान ठरणार नाही.