छेदात न आलेली बाळं

शोधनिबंध उघडल्यावर आपण बहुतेक जण थेट निकालाच्या टक्केवारीवर जातो. आज त्या टक्केवारीच्या छेदाकडे बघू. उदाहरण आहे नवजात बाळांमधल्या टीएपीव्हीसी या दुर्मिळ दोषाचं.

फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा हृदयाच्या डाव्या कर्णिकेत उघडायला हव्यात. या बाळांमध्ये त्यांचं रक्त उजवीकडे जातं. मग शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतं आणि कर्णिकांमधल्या छिद्रातून डावीकडे पोचतं. तेवढ्यावर बाळ तग धरतं. शिरांची वाट चिंचोळी असेल तर फुफ्फुसं तुंबतात. मग एक्स-रे न्यूमोनियासारखा दिसू शकतो, आणि वेळ हातात फार थोडा असतो.

शस्त्रक्रियेचे निकाल सांगणारे बरेच निबंध एकाच रुग्णालयातल्या नोंदींवर उभे असतात. सर्जनचं कौशल्य त्यांत दिसतं, यात वाद नाही. पण छेदात कोण असतं? टेबलापर्यंत पोचलेली बाळं. समजा, १०० बाळं जन्मली, ४० निदानाआधीच गेली, ६० वर शस्त्रक्रिया झाली आणि ५४ वाचली. (आकडे फक्त समजावण्यापुरते.) निबंध म्हणेल ९० टक्के. आईबापांच्या बाजूने बघा, ५४.

पल्स ऑक्सिमीटरच्या तपासणीचंही तसंच. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या विश्लेषणात २,२९,४२१ बाळं होती आणि संवेदनशीलता ७६.५ टक्के आली. पण ती सगळ्या गंभीर हृदयदोषांची मिळून. टीएपीव्हीसीत रक्त आधीच मिसळलेलं असल्यामुळे हाताचं आणि पायाचं रीडिंग सहसा सारखंच येतं. वाट मोकळी असेल तर ऑक्सिजन थोडाच कमी दिसतो. म्हणजे नेमका हा दोष निसटू शकतो. म्हणून तपासणी नको असं मी म्हणत नाही. स्वस्त आहे, वेदना नाही, व्हायलाच हवी. फक्त 'नॉर्मल' आलं म्हणून धापा टाकणाऱ्या बाळाला घरी पाठवू नये.

आपल्या पनवेल परिसरात हे जास्त लागू आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची तपासणीही आहे. म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च हीच एक अडचण उरत नाही. बाळ वेळेत ओळखलं जाणं आणि तिथवर पोचणं, हे खरं अंतर आहे.

म्हणून निबंध लिहिणाऱ्यांकडे एकच मागणी: किती बाळं पाठवली गेली आणि किती वाटेत गेली, तेही लिहा. आणि तुम्ही वाचणार असाल, तर टक्केवारी बघण्याआधी छेद शोधा.