ऑर्कांची बायकापोरं

टोल्किनचे ऑर्क वाचताना मला नेहमी एक अगदी बायकी प्रश्न पडतो: यांच्याकडे स्वयंपाक कोण करतं? १९५४-५५ साली तीन खंडांत आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये ऑर्कांच्या झुंडीच्या झुंडी आहेत, पण ऑर्क बाई कुठे दिसत नाही, तान्हं पोर नाही. एल्फांना गाणी आणि वंशावळी. यांच्या हाती नुसती हत्यारं. मारणाऱ्याचा हात अडखळू नये, अशी ती सोय आहे. तरी मोठा लेखक तो. शाग्रॅट आणि गोर्बाग हे दोघे ऑर्क बोलतात ते ऐका: लढाई आटपली की वरच्या साहेबांपासून लांब कुठेतरी निघून जाऊ! कंटाळलेल्या शिपायांचंच बोलणं. पुढे लुटीवरून दोघांची माणसं एकमेकांना कापून काढतात, आणि सोय परत जागेवर येते.

२०२४ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेत ऑर्काची बायको आणि बाळ दाखवलं, तर काही चाहते केवढे चिडले! मला ते दृश्य चुकीचं नाही, आयतं वाटलं. बाळ पाहिलं की पान्हा फुटतोच. लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही.

टेरी प्रॅचेटच्या 'अनसीन अकॅडेमिकल्स'मधला (२००९) नट जास्त खरा. मेणबत्त्यांच्या खात्यात राबणारा, खूप वाचलेला हा ऑर्क सतत स्वतःची लायकी सिद्ध करत असतो. नव्या सुनेसारखा! त्याला आपलं मानते ती रात्रीच्या स्वयंपाकघरातली ग्लेंडा. पण नट एवढा शहाणा नसता तर? सामान्य, थोडा चिडका ऑर्क असता तर त्याला कुणी जवळ केलं असतं का?

इथे मला आपल्या विमलसूरींचं 'पउमचरिय' आठवतं, महाराष्ट्री प्राकृतातलं. त्यात राक्षस आणि वानर हे विद्याधरांचे वंश. वानर म्हणजे माकडं नव्हेत, त्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह. रावणाची दहा तोंडं म्हणजे गळ्यातल्या हाराच्या रत्नांत पडलेली प्रतिबिंबं. पण म्हणून रावणाला सोडलेलं नाही हं! सीतेला पळवलं ते त्यानंच, आणि नरकही त्यालाच. ते कर्म त्याचं, राक्षसवंशाचं नव्हे. म्हणूनच युद्धानंतर कुंभकर्ण, इंद्रजित, मंदोदरी दीक्षा घेऊ शकतात. सॉरॉन पडल्यावर टोल्किनचे ऑर्क मात्र सैरावैरा धावतात, बिळांत लपतात, आणि पुढे त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही.