मधुमेहाच्या वनौषधी : तक्त्यात नसलेला रकाना

शालेय विज्ञान प्रदर्शनांत वनौषधींचा तक्ता हमखास असतो. डावीकडे वनस्पतीचे नाव, मध्ये वाळवून चिकटवलेले पान, उजवीकडे रोग. मधुमेहासमोर कारले, मेथी, जांभळाची बी, बिबला, गुडमार ही नावे ओळीने येतात. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत हाच तक्ता वाक्ये करून छापलेला असतो. मुलांनी पाने गोळा केली, नावे शिकली, हे चांगलेच झाले. तक्रार आहे ती एका न आखलेल्या रकान्याबद्दल : हे कशावरून ठरले?

गुडमारचेच पाहू. आपल्याकडे बेडकीचा पाला म्हणून ओळखली जाणारी ही वेल. तिचे पान चावून मग साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी लागते. एजवर्थ या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही गोष्ट १८४७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवली होती. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना काही काळ अडवून ठेवतात. खारट चव मात्र कळत राहते. वर्गात सांगण्याजोगी इतकी सुरेख हकिगत क्वचितच सापडेल. पण 'मधुनाशिनी' हे तिचे दुसरे नाव ऐकले की जिभेवरची साखर आणि रक्तातली साखर यांची नकळत गल्लत होते. जिभेवर जे घडते तो रक्तातल्या साखरेबद्दलचा पुरावा नव्हे. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

आणि ते तपासले गेले आहे. आधुनिक विज्ञानाने आपल्या वनस्पतींकडे पाहिलेच नाही ही समजूत खरी नाही. १९२८ मध्ये चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९३० मध्ये म्हसकर व केयस यांनी गुडमारवर निबंध प्रसिद्ध केले होते. पुढे १९९० मध्ये मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. त्यातील पाच जणांच्या नेहमीच्या गोळ्या बंद करता आल्या. हे पाच जण लेखांतून वारंवार भेटतात. पण रुग्ण अवघे २२ होते आणि नकली औषध घेणारा तुलनेचा गट नव्हता, एवढे सांगायला लेखकांना जागा पुरत नाही.

तुलनेचा गट नसला तर काय बिघडते? बिबल्याचे, म्हणजे विजयसाराचे, उदाहरण घ्या. याच्या लाकडाचे पेले विकायला येतात. रात्री त्यात पाणी ठेवायचे आणि सकाळी प्यायचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चार केंद्रांवर ९७ नव्या रुग्णांना विजयसार दिले. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली, असा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरात एकोणसत्तर! परंतु ही 'खुली' चाचणी होती, आणि परिषदेने निबंधाच्या शीर्षकातच तसे प्रामाणिकपणे म्हटले होते. आता त्याच्या शेजारी ब्रिटनमधील एक मोठा अभ्यास ठेवा. तिथे सुमारे तीन हजार नव्या रुग्णांना आधी तीन महिने केवळ आहारनियमनावर ठेवले होते. त्यांचे वजन घटले, साखर बरीच उतरली, आणि साधारण १६ टक्के जणांची उपाशीपोटीची साखर औषधाविना जवळजवळ सामान्य पातळीवर आली. दोन्हीकडचे निकष वेगळे आहेत, म्हणून ६९ मधून १६ वजा करून उत्तर काढायचे नाही. पण नुकतेच निदान झालेला माणूस घाबरून गोड सोडतो, चालायला लागतो, वारंवार तपासणीला येतो. या सगळ्याचे श्रेय कोणाला, हे दुसरा गट असल्याखेरीज कळणार कसे? निष्कर्ष खोटा नाही. तो अपुरा आहे. विद्यार्थ्याला हा फरक समजला तर पन्नास वनस्पतींची नावे पाठ नसली तरी चालेल.

मात्रेबद्दलही तक्ते गप्प असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० मधील एका प्रयोगात मेथ्यांमुळे साखर उतरलेली दिसली; पण दिलेली मात्रा होती दिवसाला १०० ग्रॅम, तीही तेल काढलेल्या पुडीची, आणि रुग्ण होते पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे. रात्री भिजवलेल्या चमचाभर मेथ्यांना त्याचा आधार कसा देणार? कारल्याचा हिशेब थोडक्यात आटोपतो : २०१२ मधील कॉक्रेन आढाव्यात चार चाचण्या आणि ४७९ रुग्ण मिळून पुरावा अपुराच ठरला.

उलट बाजूची बेफिकिरीही मला मान्य नाही. 'झाडपाल्यात काही नसते' असे म्हणणारे डॉक्टर रोज जे मेटफॉर्मिन लिहून देतात, त्याचा माग गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपीय वनस्पतीपर्यंत जातो. तिच्यातील गॅलेगीन साखर उतरवते, पण ते विषारी. ही वनस्पती खाऊन मेंढ्या मेल्याच्या नोंदी आहेत. त्याच्या जवळचे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाला ते गोळी या वाटेवर रेणू बदलला, मात्रा ठरली, तुलना झाल्या. 'मेटफॉर्मिन वनस्पतीतूनच आले' असे सांगून पाल्याची भलावण करणारे ही मधली वाट गाळतात.

या गाळण्याची किंमत घरात मोजली जाते. प्रदर्शन पाहून आलेला नातू आजोबांना काढा सुचवतो. आजोबा गोळ्या बंद करतात. साखर वाढली तरी बरेच दिवस काही दुखत नाही, आणि तोवर डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडांना इजा होत राहते. किंवा ते ग्लिमेपिराइडच्या जोडीला काढा घेतात, आणि काढा खरोखरच गुणकारी असला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येते. डॉक्टरांना काढ्याचे सांगितलेले नसते, कारण ते 'औषध' नाही असेच घरात समजतात. शिवाय पुडीत केवळ पालाच असतो असेही नाही. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने मधुमेहावरील काही 'वनौषधी' बाजारातून परत घ्यायला लावल्या. त्यांत लेबलवर न लिहिलेली ग्लायब्युराइड आणि फेनफॉर्मिन ही औषधे सापडली होती. त्यातले फेनफॉर्मिन तर अमेरिकेत १९७०च्या दशकातच धोकादायक म्हणून बंद झाले होते.