‘बॅग ऑफ बोन्स’ : शोक, अपराधभाव आणि रहस्याची नैतिक मर्यादा

स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाची ‘बॅग ऑफ बोन्स’ ही कादंबरी १९९८ साली प्रसिद्ध झाली. भयकथाकार ही किंग यांची ओळख सर्वपरिचित असल्यामुळे या कादंबरीतील रहस्याचे नैतिक स्वरूप दुर्लक्षित राहण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखात त्याच स्वरूपाचा विचार करावयाचा आहे.

माइक नूनन हा लोकप्रिय कादंबरीकार. पत्नी जोहाना हिच्या आकस्मिक मृत्यूनंतर त्याचे लेखन थांबते. पूर्वी लिहून ठेवलेली हस्तलिखिते नवी म्हणून प्रसिद्ध करून तो आपले वंध्यत्व लपवितो. जोहाना गरोदर होती, हे त्याला ती गेल्यानंतर कळते. तिने ही गोष्ट का सांगितली नाही, या प्रश्नातून तिच्या निष्ठेविषयी संशय निर्माण होतो आणि शोकाला अपराधभावाची जोड मिळते.

मेन राज्यातील सरोवराकाठच्या घरी गेल्यावर या संशयाचे निराकरण होते. जोहाना गावाच्या दडविलेल्या इतिहासाचा शोध घेत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सारा टिडवेल या कृष्णवर्णीय गायिकेवर गावातील तरुणांनी सामूहिक बलात्कार केला आणि तिची व तिच्या मुलाची हत्या केली. रूढ रहस्यकथेत गुन्हेगार सापडताच समाज निर्दोष ठरतो. येथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या मौन पाळणारे संपूर्ण गावच दोषी ठरते. छोट्या कायराला बुडविण्याची प्रेरणा माइकच्याही मनात उद्भवते. त्यामुळे शोध घेणाराही त्या दोषातून मुक्त राहत नाही. हे या कादंबरीचे बलस्थान होय.

तथापि, तिची मर्यादाही येथेच आहे. साराचा सूड निरपराध मुलांवर उगवतो. परिणामी वाचकाचे भय मारेकऱ्यांकडून साराकडे वळते. अखेर नायक तिच्या अस्थी नष्ट करतो. लेखकाची सहानुभूती साराच्या बाजूने असली, तरी कथानकात तिला न्याय मिळत नाही. तिचा केवळ बंदोबस्त होतो.

कायराची आई मॅटी हिची हत्या माइकच्या डोळ्यांदेखत होते. त्यानंतर, कथानकाच्या सोयीसाठी पात्रांना मृत्यू देणे त्याला अशक्य वाटू लागते आणि तो कादंबरीलेखनाचा त्याग करतो. नायकाचा हा निर्णय प्रामाणिक आहे. परंतु मॅटीच्या मृत्यूने जागा झालेला हा विवेक साराच्या दुसऱ्या अंताला लावला जात नाही. म्हणूनच कादंबरीतील लेखक स्वतःला जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न समीक्षकाने या कादंबरीलाही विचारणे आवश्यक ठरते.