विधी व व्यापारविषयक संज्ञांचे अर्थांतर : मराठी कोशपरंपरेची चिकित्सा

प्रस्तावना

न्यायालय, तहसील कचेरी व सावकारी पेढी येथील शब्द हक्क देतो किंवा काढून घेतो. म्हणूनच अशा शब्दाचा कोणत्या काळी कोणता अर्थ होता, हा प्रश्न भाषाभ्यासकाइतकाच जमीन कसणाऱ्याच्याही जिव्हाळ्याचा आहे. मराठीत या क्षेत्रातील कोशांची दीर्घ परंपरा आहे. परंतु तिचा भर मुख्यतः एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवण्यावर राहिला. शब्द तोच राहून त्याचा अर्थ कायद्याने वा व्यवहाराने बदलतो, तेव्हा ही पद्धती अपुरी पडते. 'मिरास', 'कूळ' व 'सावकार' या तीन संज्ञांच्या आधारे प्रस्तुत लेखात या मर्यादेची तपासणी केली आहे.

कोशपरंपरेचे स्वरूप

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७७-७८च्या सुमारास सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा या परंपरेचा आरंभ होय. त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्ग, जनपदवर्ग व पण्यवर्ग यांचा समावेश असून फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान, मुजुमदार म्हणजे अमात्य, सुरनीस म्हणजे सचिव. या कार्याची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्याचे भवितव्य बोलके आहे. अठराव्या शतकात 'मुख्य प्रधान' हे पद मुद्रेवर राहिले, पण लोकांनी व इतिहासाने 'पेशवा' हाच शब्द स्वीकारला. 'सचिव' हा शब्द मात्र टिकला. पण पत्रव्यवहार तपासणारा सुरनीस आणि आजच्या मंत्रालयातील विभागाचा सचिव यांच्या अधिकारांत महदंतर आहे. एक शब्द हरला, दुसरा जिंकला. अर्थ मात्र दोन्ही ठिकाणी राज्यव्यवस्थेने ठरवला.

मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आणि विल्सन यांच्या न्याय व महसूल संज्ञाकोशाने (१८५५) शब्दांचे वर्णन देण्याची पद्धत अवलंबिली. विल्सन शब्दासोबत त्याची भाषा नोंदवून संस्थेचे स्वरूपही सांगतात, हा त्यांचा विशेष. परंतु त्यांचे वर्णन त्या काळापाशी थांबते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतरच्या शासकीय परिभाषाकार्याचा भर इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द देण्यावर राहिला. प्रशासनाची गरज त्याने भागवली. मराठी संज्ञेचा स्वतःचा इतिहास मात्र त्यात येत नाही.

मिरास

अरबीतील वारसावाचक शब्दापासून आलेली 'मिरास' पेशवाईत जमिनीवरील वंशपरंपरागत हक्काची द्योतक होती. मिरासदार आणि उपरी हा गावातील मूलभूत भेद होता. एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांच्या मुलखाविषयीच्या १८१९च्या अहवालात त्याची दखल घेतली आहे. इंदापूरपासून १८३०च्या दशकात सुरू झालेल्या नव्या जमीन-मोजणी व सारा-आकारणीत सर्व्हे नंबरचा सारा भरणारा हा घटक महत्त्वाचा ठरला व हा भेद क्षीण झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'भोगवटादार' ही संज्ञा आहे. 'मिरासदारी' हा शब्द आज सामान्य भाषेत मक्तेदारीच्या, काहीशा निंदेच्या अर्थाने उरला आहे. हक्काचा शब्द आरोपाचा झाला.

कूळ

'कूळ' या संज्ञेचा प्रवास उलट दिशेचा आहे. जुन्या हिशेबांत सरकारला सारा देणारा रयत हा कूळ, मालकाला खंड देणारा हाही कूळ आणि सावकाराचा ऋणको हाही कूळच. देणे असणारी व्यक्ती, हे या अर्थांचे समान सूत्र होते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ अन्वये दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारी व्यक्ती, काही अपवाद वगळता, कूळ मानली जाते. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी, कायद्यातील अटींच्या अधीन, कुळाने जमीन खरेदी केली असे मानण्यात आले. देणे असणारा हा हक्कदार झाला. विदर्भ व मराठवाड्यास मात्र अनुक्रमे १९५८ व १९५० चे स्वतंत्र कायदे लागू होते. म्हणजे एकाच राज्यात या एका शब्दामागे तीन कायदे उभे होते. अठराव्या शतकातील कागदातील 'कूळ' आजच्या संरक्षित अर्थाने वाचणे जितके चुकीचे, तितकेच आजच्या कुळाला निव्वळ खंडकरी समजणे अन्यायकारक होय.

सावकार

'साव' म्हणजे प्रामाणिक. 'सावकार' या शब्दात मुळात पत आणि विश्वास आहे. पेशव्यांच्या मोहिमा सावकारांच्या कर्जावर चालत. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदातील शब्दच आपली जमीन नेतात, हे त्यांना उमगले होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आजही महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये 'सावकार' ही परवानाधारक व्यावसायिकाची तटस्थ संज्ञा आहे. लोकभाषेत ती शोषणाची खूण बनली आहे.

या व्यवहारातील 'मुदत खरेदी' हा शब्द विशेष चिंत्य आहे. कागदावर खरेदी, मनात गहाण. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ सशर्त विक्रीद्वारे होणारे गहाण मान्य करतो; मात्र १९२९ च्या दुरुस्तीनुसार ती अट त्याच दस्तात नमूद असावी लागते. परतीचे वचन तोंडी अथवा वेगळ्या कागदावर असेल, तर या कलमाखाली तो व्यवहार गहाण ठरत नाही. कोशात 'खरेदीखत' व 'गहाणखत' शेजारी नांदतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दोहोंत जमिनीचे अंतर असते.

निष्कर्ष

प्रतिशब्द देणे हे कोशकार्याचे पहिले पाऊल आहे. विधी व व्यापारविषयक संज्ञेच्या नोंदीत काळ, प्रदेश, लागू कायदा आणि लोकव्यवहारातील अर्थ या चार बाबी असल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. असा कालनिर्देशित कोश एका विद्याशाखेच्या आवाक्यातील नाही. मोडी कागद वाचणारा इतिहासाचा, कलमे जाणणारा विधीचा, पेढीचे व्यवहार समजणारा वाणिज्याचा आणि अर्थच्छटा टिपणारा मराठीचा अध्यापक यांनी एकत्र यावयास हवे. तालुक्यातील महाविद्यालय हे त्यासाठी योग्य स्थान होय; कारण हे जुने शब्द ज्यांच्या सातबाऱ्यावर व दस्तांत आजही जिवंत आहेत, त्यांचीच मुले तेथे शिकत असतात.