पेंटॅक्स के१०००: काटा मध्ये आला, मग फोटो का चुकला?



आज एका जुन्या फिल्म कॅमेऱ्याबद्दल लिहितोय. 'याचा संशोधनाशी काय संबंध?' असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. सिनॉप्सिसमध्ये 'संशोधनाची साधने' या मथळ्याखाली आपण जे दोन ओळींत उरकतो, त्याचीच ही गोष्ट आहे.

पेंटॅक्स के१००० हा एसएलआर १९७६ मध्ये बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. तीस लाखांहून जास्त कॅमेरे बनले. फोटोग्राफी शिकणाऱ्यांना अनेक वर्षं हाच घ्यायला सांगत. कारण ठरलेलं: यात ऑटोमॅटिक काही नाही, त्यामुळे सगळं शिकावंच लागतं. शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, ॲपर्चर तुम्ही, फोकसही तुम्हीच. शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. बटणाएवढी बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला, त्यामुळे ती संपली तरी फोटो काढता येतो.

या कौतुकात खोटं काही नाही. पण त्यातून एक समजूत तयार होते, की साधं साधन म्हणजे प्रामाणिक साधन. माझा आक्षेप या समजुतीला आहे, आणि तो मला महागात पडून सुचलेला आहे.

फील्डवर्कच्या पहिल्या वर्षी एका पडक्या वाड्याचे फोटो काढायचे होते. गाईडनी त्यांचा के१००० हौसेने दिला, मीही हौसेने घेतला. उन्हात चमकणाऱ्या चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि त्यांच्यापुढे काळपट सागवानी खांब. खांबांवरचं कोरीवकाम हाच माझा विषय. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या बाजूला मीटरचा काटा दिसतो. प्रत्येक फ्रेमला मी तो अगदी बरोबर मध्ये आणला. ३६ फोटो. रोल धुऊन आला तेव्हा भिंती मळकट राखाडी आणि खांब म्हणजे नुसते काळे पट्टे! परत जाईपर्यंत वाड्याची ती बाजू पाडलेली होती. मोबाइलवर सहज काढलेले चार-पाच फोटो तेवढे आज माझ्या हातात आहेत.

कॅमेरा बिघडला होता का? नाही. त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

के१०००चा मीटर लेन्समधून येणाऱ्या सगळ्या उजेडाची साधारण सरासरी काढतो. काटा मध्ये येणं म्हणजे 'एक्स्पोजर बरोबर आहे' असं नाही. त्याचा अर्थ एवढाच: 'समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असेल, तर हे एक्स्पोजर बरोबर आहे.' यातला 'तर' महत्त्वाचा. माझ्या फ्रेममध्ये बहुतेक जागा पांढऱ्या भिंतीने व्यापलेली. मीटरने तिलाच राखाडी धरलं आणि उजेड कमी करायला लावला. प्रिंट करताना भिंत उजळवता येते हो, पण निगेटिव्हवर खांबांच्या जागी काही उमटलंच नव्हतं. जे नोंदलंच गेलं नाही, ते नंतर कुठून आणणार? खांबाच्या अगदी जवळ जाऊन मीटर बघितला असता, किंवा भिंतीवर बघून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वाढवलं असतं, तर काम झालं असतं.

दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडरची. तुम्ही बघता तेव्हा लेन्स पूर्ण उघडी असते, समजा एफ २ वर. फोटो निघतो तो तुम्ही लावलेल्या एफ ११ वर. म्हणजे बघताना मागची जी वायर धूसर होऊन नाहीशी झाली होती, ती फोटोत ठळक येते. हे आधी तपासायची सोय, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू, १९७५ च्या पेंटॅक्स केएममध्ये होती. के१००० ही त्याचीच स्वस्त आवृत्ती, तिच्यातून ती काढून टाकली. सेल्फ-टायमर गेला त्याचं मला काही वाटत नाही. पण शिकणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून नेमकी ही सोय जावी, हे खटकतं. निरीक्षण एका स्थितीत आणि नोंद दुसऱ्या स्थितीत, हा फरक विद्यार्थ्याला दिसायलाच हवा होता.

तिसरी उणीव: कोणता फोटो कोणत्या शटर स्पीडला, कोणत्या ॲपर्चरला काढला, याची नोंद कुठेच राहत नाही. व्ह्यूफाइंडरमध्येसुद्धा आकडे दिसत नाहीत. मी वहीत काही लिहिलं नव्हतं. त्यामुळे चूक कळल्यावरही ती नेमकी किती स्टॉपची होती, हे सांगता येईना.

मग हा कॅमेरा वाईट आहे का? मुळीच नाही. उलट मी नंतर स्वतःसाठी एक सेकंडहँड घेतला. हल्लीचे कॅमेरेही उजेडाबद्दल काही ना काही गृहीत धरतातच, फक्त ते आत कुठेतरी दडलेलं असतं. के१०००मध्ये एक उघडा काटा आहे आणि एकच गृहीतक, म्हणून ते पकडता तरी येतं. त्याचं खरं मोल इथे आहे, 'सगळं हाताने करावं लागतं' यात नाही.

तुमचं साधन कॅमेरा नसेल. प्रश्नावली असेल, सेन्सर असेल, एखादं सॉफ्टवेअर असेल. तिथेही काटा मध्ये येतोच: विश्वसनीयतेचा आकडा चांगला येतो, आलेख सुबक दिसतो आणि आपण खूश होऊन पुढे जातो. तेव्हा एकदा थांबून वहीत लिहा: 'हा आकडा काय गृहीत धरून बरोबर आहे, आणि माझ्या फील्डवर ते खरं आहे का?' याचं उत्तर मिळाल्याशिवाय डेटा गोळा करायला निघू नका. प्रश्नावली पुन्हा छापता येते, पण प्रत्येक वेळी वाडा जागेवर असेलच असं नाही.