न मेलेल्यांचा हिशेब

ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचं 'हंगर अँड पब्लिक अ‍ॅक्शन' (१९८९) मी पहिल्यांदा वाचलं ते परीक्षेपुरतं, आणि महाराष्ट्राच्या दुष्काळावरच्या पानांनी तेव्हा चिडलो होतो. आमच्या घरात ज्याला नुसतं 'बहात्तर' म्हणतात, तो दुष्काळ इथे यशाचं उदाहरण म्हणून आला होता! परवा ती पानं पुन्हा वाचली.

मांडणी भक्कम आहे. धान्य घटलं म्हणून माणसं मरतात असं नाही. ते विकत घ्यायची ऐपत गेली की मरतात. १९७० ते ७३ पिकं बुडत गेली. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोख मजुरी हातात आल्यामुळे धान्याला गिऱ्हाईक उरलं आणि मृत्यू फारसे वाढले नाहीत. शिवाय सरकार आपणहून हललं नव्हतं. मोर्चे, घेराव, वर्तमानपत्रं, विधानसभेतले प्रश्न यांनी ते हलवलं. लोकांचा दबाव हाही धोरणाचाच भाग, हे पुस्तकाचं मला सर्वांत पटलेलं म्हणणं.

माझी आजी त्या कामांवर खडी फोडायची. लाल मिलोची भाकरी, सुकडी हे तिनं सांगितलंच, पण ती जास्त बोलायची मुकादमाबद्दल. हजेरीपटावर नाव मांडायचं की नाही, हे त्याच्या हातात. पुस्तकात मजुरी म्हणजे गरिबाच्या हाती जाणारा पैसा. तो पोचण्याआधी कोणाची मर्जी सांभाळावी लागते, ते एवढ्या उंचीवरून दिसत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढतं; विहीर ज्याच्याकडे जमीन त्याची. आजीकडे जमीन नव्हती. वि. स. पागे यांनी १९६५मध्ये विसापूरला सुरू केलेला प्रयोग पुढे कायदा झाला (मंजुरी १९७७, अंमल १९७९), त्यासाठी शहरातल्या पगारदारांनी १९७५पासून व्यवसाय कर भरला. हे निव्वळ कनवाळूपणानं झालं नसावं. शहराला लोंढे नको होते, बागाईतदाराला पाणी हवं होतं, मजुराला काम. तिघांचं जमलं म्हणून योजना टिकली, असं मला वाटतं. आणि टिकली ते बरंच झालं.

या पानांचा भर जीव वाचण्यावर आहे. पहिल्या वाचनात मला तो कोरडा वाटला होता. मी आजीला तेव्हा म्हटलंही होतं, की पुस्तकवाले तुमच्या दुष्काळाला यश म्हणतात. ती म्हणाली, "मग? आम्ही जगलो की." आणि थोड्या वेळानं, "पण दोन आठवडे मांडलेच नव्हते रे त्यानं."

तिचं पहिलं वाक्य मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.